प्रज्वलन, मोचन आणि उड्डाण : अग्निबाणाची इंजिने सुरू करण्याचा क्रम

अग्निबाणाच्या प्रक्षेपणाचे वर्णन मराठीत बहुधा एकाच साच्याच्या वाक्याने केले जाते : उलटी गणती शून्यावर आली, इंजिने पेटली आणि यान आकाशात झेपावले. या वाक्यात तीन क्रियापदे एकामागून एक आली आहेत. तथापि ती जणू एकाच घटनेची तीन अंगे आहेत, असा समज वाचकाच्या मनात निर्माण होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. इंजिन पेटणे, इंजिनाने पूर्ण रेटा देणे, वाहनाला जमिनीशी जखडणारी बंधने सुटणे आणि वाहन वर उचलले जाणे या चार स्वतंत्र घटना होत. त्यांच्यामध्ये काही सेकंदांचे अंतर मुद्दाम राखलेले असते, आणि त्या अंतरातच प्रक्षेपण पुढे न्यावयाचे की थांबवावयाचे याचा अखेरचा निर्णय होतो. हा क्रम कसा ठरतो, तो कोणत्या कारणांनी बदलतो आणि तो बिघडल्यास काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. ‘पेटविणे’ आणि ‘सुरू करणे’

दिवाळीतील बाण सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या वातीला उदबत्ती लावली की लावणाऱ्याचे काम संपते. बाण सरळ जावो वा तिरपा जावो, दारू संपेपर्यंत तो जळणारच. मोठ्या अग्निबाणातील घन इंधनाची इंजिने तत्त्वतः याच जातीची आहेत. इंधन आणि त्याला जाळणारे द्रव्य एकत्र कालवून घट्ट केलेले असते. ते एकदा पेटले म्हणजे विझविण्याचा किंवा मंद करण्याचा व्यवहार्य उपाय नसतो. पेटल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर ते जवळजवळ पूर्ण रेटा देऊ लागते. अशा इंजिनाच्या बाबतीत ‘पेटविणे’ हे क्रियापद अगदी यथार्थ आहे.

द्रव इंधनाच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात इंधन एका टाकीत आणि प्राणवायू किंवा तत्सम द्रव्य दुसऱ्या टाकीत असते. दोन्ही द्रव पंपांनी खेचून प्रचंड दाबाने ज्वलनकक्षात सोडावे लागतात. त्यासाठी पंप फिरविणारी टरबाइन प्रथम गतिमान व्हावी लागते. झडपा ठराविक क्रमाने उघडाव्या लागतात. हे सर्व जुळून येण्यास कित्येक सेकंद लागतात. उलटपक्षी, झडपा मिटल्या की इंजिन थांबते. म्हणून त्याच्या बाबतीत ‘पेटविणे’ यापेक्षा ‘सुरू करणे’ हा शब्दप्रयोग अधिक अन्वर्थक ठरतो. कारण जे सुरू होते ते बंदही करता येते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. इंजिने कोणत्या क्रमाने चालवावयाची, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच सामावलेले आहे. जी कृती मागे घेता येते ती आधी करावी. तिचा परिणाम तपासावा. आणि जी मागे घेता येत नाही ती सर्वांत शेवटी करावी, हा या विषयातील मूलभूत नियम होय.

२. एका इंजिनाच्या अंतर्गत क्रम

अनेक इंजिनांचा परस्परक्रम पाहण्यापूर्वी एकाच इंजिनात काय घडते ते पाहणे इष्ट ठरेल. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ या अमेरिकन अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यातील एफ-१ हे इंजिन यासाठी उत्तम उदाहरण आहे. एका एफ-१ इंजिनाचा रेटा सुमारे ६८० टन होता. ते केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायू यांवर चालत असे आणि दर सेकंदाला दोन्ही मिळून सुमारे अडीच टन द्रव गिळत असे. पंप फिरविणारी टरबाइन ५५,००० अश्वशक्तीची होती.

असे इंजिन आगकाडी लावावी त्याप्रमाणे एकदम पेटविता येत नाही. इंधन आणि प्राणवायू कक्षात साचून राहिले आणि ठिणगी क्षणभर उशिरा पडली, तर ज्वलनाऐवजी स्फोट होतो. म्हणून प्रथम प्राणवायूच्या मुख्य झडपा उघडत. त्याच सुमारास एका लहान ज्वलनकक्षात थोडे इंधन जळू लागे आणि तेथील वायूने टरबाइन फिरू लागे. टरबाइन फिरल्याने पंप फिरत आणि केरोसीनचा दाब चढे. हा चढता दाब एका बंदिस्त नळकांड्याची पातळ पडदी फोडी. त्या नळकांड्यात प्राणवायूचा स्पर्श होताच आपोआप पेट घेणारे रसायन भरलेले असे. ते कक्षात शिरून पेटले आणि कक्षातील दाब वाढला, म्हणजे त्या दाबानेच केरोसीनच्या मुख्य झडपा उघडण्याची वाट मोकळी होई. मग कोठे मुख्य ज्वलनास प्रारंभ होई.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या क्रमातील बहुतेक पायऱ्या घड्याळाने बांधलेल्या नव्हत्या. आधीच्या पायरीचा भौतिक परिणाम हीच पुढच्या पायरीची आज्ञा होती. दाब चढला नाही तर पडदी फुटणार नाही. पडदी फुटली नाही तर मुख्य झडप उघडणार नाही. अशा रचनेत एखादी पायरी चुकली तर पुढची पायरी आपोआप अडते. यास कार्यकारणाचा क्रम म्हणता येईल.

स्पेस शटलच्या मुख्य इंजिनांत दुसरी पद्धती अवलंबिलेली होती. तेथे इंधन द्रवरूप हायड्रोजन होते, आणि प्राणवायू आधी न सोडता हायड्रोजन आधी सोडला जाई. प्राणवायूचे प्रमाण क्षणभर जरी अतिरिक्त झाले, तरी तापमान वाढून टरबाइनची पाती वितळण्याचा धोका असे. प्रत्येक इंजिनावर त्याचा स्वतःचा संगणक बसविलेला होता. तो झडपा ठराविक क्षणी ठराविक अंशांनी उघडी आणि दाब व तापमान मर्यादेत आहेत की नाहीत हे सतत पाही. यास घड्याळाचा आणि तपासणीचा संयुक्त क्रम म्हणावे लागेल. दोन्ही पद्धतींचे साध्य एकच : अपुऱ्या तयारीवर पुढचे पाऊल पडू नये.

३. अनेक इंजिनांचा परस्परक्रम

सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यात अशी ५ इंजिने होती : चार कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी. पाचही एकाच क्षणी सुरू केली असती, तर सुमारे ३,४०० टनांचा रेटा ११० मीटर उंचीच्या त्या वाहनाच्या तळाशी एकदम आदळला असता. जो भार सावकाश चढविला असता वास्तू सहज पेलते, तोच अकस्मात चढविला असता तीत हेलकावे निर्माण करतो, आणि त्या हेलकाव्यांचा ताण मूळ भारापेक्षा पुष्कळ अधिक असू शकतो. म्हणून प्रथम मधले इंजिन, त्यानंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांची एक जोडी आणि त्यानंतर दुसरी जोडी, असा १–२–२ क्रम ठरविण्यात आला. दोन गटांमधील अंतर सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांचे होते. जोड्या समोरासमोरच्या निवडण्याचे कारण उघड आहे : एका बाजूची इंजिने आधी चालली असती तर वाहन दुसऱ्या बाजूस कलंडू पाहिले असते.

या इंजिनांना प्रज्वलनाची आज्ञा शून्यापूर्वी ८.९ सेकंदांवर मिळे. पाचही इंजिने पुरेसा रेटा देत आहेत अशी खूण आल्यावरच चार बाहू वाहनाला मोकळे करीत. मोकळे केल्यानंतरही पहिल्या काही इंचांच्या प्रवासात निमुळत्या धातूच्या खिळ्या साच्यांतून ओढल्या जात आणि त्यामुळे सुटकेचा धक्का सौम्य होई. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ याच क्रमाने निघाले.

४. शून्यापूर्वीचे साडेसहा सेकंद

स्पेस शटलमध्ये घन आणि द्रव अशी दोन्ही प्रकारची इंजिने होती. त्यामुळे मागे सांगितलेला नियम तेथे सर्वांत स्पष्टपणे दिसून येतो. यानाच्या शेपटीकडील तीन द्रव इंजिने शून्यापूर्वी ६.६ सेकंदांवर, एकमेकांपासून १२० सहस्रांश सेकंदांच्या अंतराने सुरू होत. तिघांचा मिळून रेटा जमिनीलगत सुमारे ५१० टन, आणि संपूर्ण वाहनाचे वजन सुमारे २,००० टन. म्हणजेच द्रव इंजिने पूर्ण बळाने चालली तरी वाहन उचलले जाण्याची शक्यताच नव्हती. वाहन मंचावर असतानाच तिन्ही इंजिनांची परीक्षा घेतली जाई, आणि ती उत्तीर्ण झाली तरच शून्याच्या क्षणी बाजूच्या दोन घन इंजिनांना आग लावली जाई. त्याच क्षणी त्यांना मंचाशी जखडणारी आठ बंधने स्फोटक नटांनी तोडली जात. तेथून परतीचा मार्ग नव्हता.

या सहा सेकंदांना आणखी एक कारण होते. द्रव इंजिने वाहनाच्या मध्यरेषेवर नसून एका बाजूस असल्यामुळे ती सुरू होताच तळाशी जखडलेले संपूर्ण वाहन पुढे झुकत असे. माथ्याशी हा झोक अर्ध्या मीटरहून अधिक भरे. मग वाकलेल्या वेताप्रमाणे ते परत सरळ होई. ते सरळ उभे राहण्याच्या वेळी बंधने तुटावीत, असा शून्याचा क्षण निवडलेला होता.

ही व्यवस्था कागदावरची नव्हती. २६ जून १९८४ रोजी डिस्कव्हरी यानाच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी इंजिने सुरू होत असतानाच एका इंजिनाच्या इंधन-झडपेत दोष आढळला आणि संगणकांनी शून्यापूर्वी ४ सेकंदांवर सर्व काही थांबविले. सहा अंतराळवीर आत बसलेले होते. थोड्याच वेळात मंचावर हायड्रोजनला आग लागल्याचे लक्षात आले. हायड्रोजनची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्या वेळी अंतराळवीर घाईने बाहेर पडले असते, तर न दिसणाऱ्या ज्वाळेत सापडण्याचा संभव होता. ते आतच थांबले, पाण्याच्या फवाऱ्यांनी आग विझविण्यात आली आणि ३० ऑगस्ट १९८४ रोजी तेच यान सुखरूप निघाले. पुढे १९८५, १९९३ आणि १९९४ या वर्षांत अशाच प्रकारे इंजिने सुरू होऊन थांबविण्याचे आणखी चार प्रसंग आले. १८ ऑगस्ट १९९४ च्या प्रसंगी तर शून्यास केवळ १.९ सेकंद उरले होते.

भारतीय प्रक्षेपणांच्या इतिहासातही या नियमाची सत्यता पटविणारा प्रसंग आहे. जीएसएलव्ही या अग्निबाणाच्या मध्यभागी घन इंधनाचा टप्पा असून त्याच्याभोवती द्रव इंधनाचे चार जोडटप्पे बांधलेले असतात. हे चार टप्पे शून्यापूर्वी ४.८ सेकंदांवर सुरू होतात. प्रत्येकाचा रेटा सुमारे ७० टन आणि वाहनाचे वजन सुमारे ४०० टन. म्हणजे येथेही द्रव इंजिने वाहनाला एकट्याने उचलू शकत नाहीत. २८ मार्च २००१ रोजी श्रीहरिकोटा येथे या अग्निबाणाचे पहिले प्रक्षेपण होत असताना चारपैकी एका टप्प्याचा रेटा अपुरा असल्याचे स्वयंचलित यंत्रणेस आढळले आणि उड्डाणास सुमारे १ सेकंद उरला असताना प्रक्षेपण थांबले. मधला घन टप्पा पेटलाच नाही. २१ दिवसांनी, १८ एप्रिल २००१ रोजी, अग्निबाणाने उड्डाण केले. क्रम उलटा असता, म्हणजे घन टप्पा आधी पेटला असता, तर तो दुबळा जोडटप्पा घेऊनच वाहन उचलले गेले असते आणि त्याची परिणती काय झाली असती हे सांगावयास नको.

५. गणती आणि नामकरण

शून्याकडे उतरत जाणारी गणती सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचली ती फ्रिट्झ लांग यांच्या १९२९ मधील चंद्रप्रवासावरील जर्मन चित्रपटामुळे, असे मानले जाते. अमेरिकन आणि भारतीय पद्धतीत हीच गणती रूढ झाली. रशियन पद्धत मात्र भाषिक दृष्ट्या वेगळी आहे. तेथे मोठ्याने आकडे मोजण्याची परंपरा नाही. त्याऐवजी प्रत्येक अवस्थेचे नाव उच्चारले जाते. ‘किल्ली प्रारंभावर’ या आज्ञेपासून सुरू झालेली ही मालिका अखेरीस ‘प्राथमिक’, ‘मध्यम’, ‘मुख्य’ आणि ‘उचल’ या शब्दांशी येऊन थांबते. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांच्या प्रक्षेपणाच्या वेळी सर्गेई कोरोल्योव्ह यांनी याच अवस्था त्यांना ऐकविल्या.

हे शब्द म्हणजे रेट्याच्या पायऱ्यांची नावे होत. गागारिन यांना नेणारा आर-७ जातीचा अग्निबाण २० मुख्य ज्वलनकक्ष आणि दिशा सांभाळणारे १२ लहान कक्ष यांनी बनलेला होता. हे सारे कक्ष पेटविण्यासाठी लाकडी आधारावर बसविलेल्या ज्वालक कांड्या खालून नोझलांत घातल्या जात. आजच्या सोयूझ अग्निबाणांपर्यंत ही रीत टिकून राहिलेली आहे. कांडी पेटली म्हणजे तिच्यावरील तार तुटते आणि नियंत्रणकक्षास खूण मिळते. सर्व खुणा आल्याखेरीज इंधन-झडपा उघडत नाहीत. झडपा उघडल्यावरही प्रथम अल्प रेटा, मग मध्यम आणि मग पूर्ण, असा चढ असतो. विशेष म्हणजे येथे वाहनाला खाली ओढून धरणारी बंधनेच नाहीत. अग्निबाण चार बाहूंवर कमरेशी टांगलेला असतो. रेटा वजनापेक्षा अधिक झाला की तो आपणहून वर उचलला जातो आणि भारमुक्त झालेले बाहू प्रतिभारांमुळे कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे उघडतात.

अमेरिकन गणती घटना केव्हा घडणार ते सांगते; रशियन नामावली घटना कोठवर आली ते सांगते. एकीत काळ प्रधान आहे, दुसरीत अवस्था. दोन्ही यंत्रांत घड्याळही आहे आणि तपासणीही आहे. तथापि मोठ्याने उच्चारण्यास योग्य कोणते, याची निवड दोन परंपरांनी वेगवेगळी केली.

६. खूण आणि घटना

उड्डाण झाले हे यंत्राला कसे कळते? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १२ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी-६ यानाच्या प्रक्षेपणाच्या वेळी टायटन-२ अग्निबाणाची इंजिने सुरू झाली आणि १.२ सेकंदांनी बंद पडली. अग्निबाणाच्या तळाशी असलेला एक विद्युत्-जोड अकाली निसटला होता. वाहन वर गेले म्हणजे तो जोड सुटावा अशी योजना होती. अर्थात जोड सुटणे ही उड्डाणाची खूण होती. खूण मिळाल्याने यानातील घड्याळ चालू लागले. नियमाप्रमाणे उड्डाण होऊन इंजिन बंद पडले असेल, तर दीडशे टन स्फोटक द्रव भरलेले वाहन खाली कोसळणार, आणि वॉल्टर शिरा व टॉमस स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी तत्क्षणी बाहेर फेकणाऱ्या आसनांची कळ ओढावयास हवी होती. घड्याळ उड्डाण झाल्याचे सांगत होते. परंतु शिरा यांच्या शरीरास वर उचलले गेल्याची कोणतीही जाणीव झाली नव्हती. त्यांनी कळ ओढली नाही. अग्निबाण जागेवरच उभा होता. पुढील तपासणीत एका नळीत धूळ-प्रतिबंधक टोपण विसरून राहिल्याचेही आढळले. म्हणजे जोड निसटला नसता तरीही इंजिन नीट चालले नसते. १५ डिसेंबर रोजी तेच दोघे त्याच अग्निबाणाने निघाले.

खूण आणि तिने सूचित होणारी घटना यांचा संबंध नित्य नसतो, हे भाषेच्या अभ्यासकास नवे नाही. प्रक्षेपणयंत्रणेच्या रचनाकारांस मात्र त्याची दखल प्रत्यक्ष घ्यावी लागते. म्हणूनच महत्त्वाचा निर्णय एकाच खुणेवर न सोपविता अनेक स्वतंत्र खुणांच्या एकमतावर सोपविण्याकडे त्यांचा कल असतो.

७. नियमास अपवाद आणि त्यांचे मूल्य

द्रव आधी, घन नंतर, हा नियम सर्वत्र पाळला जातो असे नाही. भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा पहिला टप्पा घन इंधनाचा असून तो शून्याच्या क्षणी पेटतो. त्याच्या सहा घन जोडटप्प्यांपैकी चार टप्पे पहिल्या सेकंदातच जोडीजोडीने पेटतात आणि उरलेले दोन सुमारे २५ सेकंदांनी, आकाशात पेटतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ या अग्निबाणात तर क्रम पूर्णतः उलटा आहे : दोन प्रचंड घन टप्पे जमिनीवर पेटतात आणि मधल्या टप्प्याची दोन ‘विकास’ द्रव इंजिने पावणेदोन मिनिटांच्या सुमारास, आकाशातच सुरू होतात. यामुळे मधल्या टप्प्याचे इंधन उंचीवरील प्रवासासाठी पूर्ण शिल्लक राहते. परंतु त्या इंजिनांची मंचावर परीक्षा घेण्याची संधी मात्र गमवावी लागते. जी हमी इतरत्र शेवटच्या सहा सेकंदांत मिळविली जाते, ती येथे आधीच्या चाचण्यांतून मिळवावी लागते.

ही आधीची हमी अपुरी असली तर काय होते, याचे उदाहरण सोव्हिएट रशियाच्या एन-१ या चंद्रवाहनाने घालून दिले. त्याच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिने होती. त्यांतील काही झडपा एकदाच वापरता येण्याजोग्या असल्याने प्रत्येक इंजिन उड्डाणापूर्वी चालवून पाहता येत नसे; काही नग निवडून तपासले जात. संपूर्ण टप्प्याचीही जमिनीवर चाचणी झाली नाही. ३ जुलै १९६९ रोजी उड्डाणानंतर क्षणार्धात एका इंजिनाचा प्राणवायू-पंप फुटला, नियंत्रणयंत्रणेने जवळजवळ सर्वच इंजिने बंद केली आणि तो अजस्र अग्निबाण मंचावरच कोसळला. २३ नोव्हेंबर १९७२ च्या चौथ्या व अखेरच्या उड्डाणात मधली सहा इंजिने ठरल्याप्रमाणे बंद केल्यानंतर लगेच वाहनाचा नाश झाला. वाहता द्रव अकस्मात अडविल्याने नळ्यांत बसणारा दाबाचा तडाखा हे त्याचे एक कारण मानले जाते. यावरून असे दिसून येईल की, इंजिने सुरू करण्यास जसा क्रम लागतो, तसाच ती बंद करण्यासही लागतो.

८. परिभाषेविषयी

वरील विवेचनावरून मराठीत किमान चार संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे, हे ध्यानात येईल. ज्वलनास आरंभ होणे ते प्रज्वलन. रेटा अपेक्षित पातळीस पोहोचणे ती रेटापूर्ती. बंधने सुटणे ते मोचन. आणि वाहन मंचावरून उचलले जाणे ते उड्डाण. शून्य हा आकडा यांपैकी पहिल्या घटनेचा नाही. ज्या क्षणानंतर मागे फिरता येत नाही, तो क्षण शून्य म्हणून निवडला जातो. ‘इंजिने पेटली आणि यान उडाले’ असे लिहिणारा वार्ताहर २८ मार्च २००१ ची घटना कशी सांगणार? त्या दिवशी इंजिने पेटली होती आणि यान उडाले नव्हते. आणि ते उडाले नाही, हेच त्या क्रमाचे यश होते.